परक्या पुस्तकाचा फर्मा

सोमवार, ३ फेब्रुवारी

मा. मुख्याध्यापिका यांस,

आपला मेमो शिपाई मामांच्या हस्ते सकाळी साडेदहाला मिळाला. आपल्या खोलीपासून खाली ग्रंथालयापर्यंत बावीस पायऱ्या आहेत. तेवढ्या उतरून सख्ख्या धाकट्या बहिणीशी चार शब्द बोलायचे नाहीत म्हणून त्या म्हाताऱ्या माणसाचे गुडघे झिजवायचे, याला कार्यालयीन शिस्त म्हणतात असं दिसतं. मग माझंही उत्तर लेखीच घ्या.

झालं, चार ओळी ‘आपण, आपण’ केलं. आता हात दुखायला लागला.

ताई, तुझ्या मेमोतलं एक अक्षरही मला मान्य नाही. ‘अनोळखी पुस्तक हा प्रकार तात्काळ बंद करावा.’ प्रकार म्हणे! जसं काही मी मुलांना मागच्या दाराने पत्ते खेळायला बसवते. सहा वर्षं हे चाललंय, तू मुख्याध्यापिका व्हायच्या आधीपासून. तुला ठाऊक नाही असं नाही, पण एकदा कागदावर असू दे. दर आठवड्याला प्रत्येक मूल दोन पुस्तकं नेतं. एक स्वतःच्या आवडीचं. दुसरं माझ्या टेबलावरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून चिठ्ठी काढून. रहस्यकथा, कविता, प्रवास, चरित्र, नाटक, विनोद, यंत्रं, झाडं, तारे, जे निघेल ते. आधी वाचलेल्याच प्रकाराची चिठ्ठी निघाली तर ती परत टाकायची आणि पुन्हा हात घालायचा. नियम एकच. वीस पानं वाचायची. एकविसाव्या पानावर पुस्तक मिटलं तरी मी हूं की चूं करत नाही. पण वीस वाचायचीच.

आणि आता तुझा हुकूम असा की फक्त ‘परीक्षोपयोगी’ चाळीस पुस्तकं द्यायची, बाकीची चारही कपाटं शनिवारी दुपारी दोनपर्यंत कुलूपबंद करायची आणि किल्ली कार्यालयात जमा करायची. यादी वाचली. चाळीसच्या चाळीस पुस्तकांत उत्तरंच उत्तरं आहेत. ज्या मुलाला अजून प्रश्नच पडलेला नाही त्याने ती घेऊन काय करायचं, तेवढं खुलासेवार कळव.

बाबांची पुस्तकबांधणीची खोली रिकामी करताना आपल्यात जे झालं, ज्यानंतर गेली दोन वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस, त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. हे कार्यालयीन पत्र आहे.

आपली विश्वासू,
ग्रंथपाल


बुधवार, ५ फेब्रुवारी

ताई,

तक्रारीची प्रत मिळाली. तर हे होय आपले तक्रारदार! पालक समितीचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर. तरीच म्हटलं, तुझ्या पोटात अचानक एवढा गोळा का आला.

तक्रारीत जे लिहिलेलं नाही ते मी सांगते. डॉक्टरांची मुलगी सातवीत पहिली येते. तिने आजवर प्रश्नसंचांखेरीज काही वाचलेलं नाही, म्हणून वर्गातल्या पोरी तिला ‘प्रश्नपत्रिका’ म्हणतात. गेल्या महिन्यात तिला चिठ्ठी निघाली रहस्यकथेची. नाक मुरडून, वीस पानांच्या बोलीवर घेऊन गेली आणि दोन दिवसांत संपवून दारात उभी. “बाई, याचा पुढचा भाग आहे?” मी म्हटलं, “आधी डब्यात हात घाल.”

तोवर घरी तपास सुरू झाला होता. नाश्त्याच्या टेबलावर तिने वडिलांना विचारलं, की गुरुवारी दवाखाना बंद असतो, तुम्ही व्याख्यानाला जाता म्हणता, मग दर गुरुवारी बुटांना चिखल कसा? डॉक्टर तळ्यावर गळ टाकून बसतात, ताई. तीन वर्षं. बायकोला ताकास तूर लागू दिली नव्हती. तक्रारीत त्याला ‘पाल्याच्या मनात संशयी वृत्ती बळावणे’ असं म्हटलंय.

परवा ते स्वतः खाली आले होते. म्हणाले, “बाई, हिला पुढे स्पर्धा परीक्षा द्यायच्यात. असली पुस्तकं वाचून काय नुसते दात काढत बसायचं का?” दातांच्या डॉक्टरांनी असं म्हणावं! मी इतकंच विचारलं, “डॉक्टर, हल्ली गळाला काय लागतं?” आल्या पावली परत गेले. हे मी करायला नको होतं, कबूल. पण मजा आली, तेही कबूल.

आता सहावीतली भुताची मावशी घे. हे नाव तिला मीच दिलं, कारण ती भुतांखेरीज कशाला हात लावायची नाही. तिला मिळालं पूल कसे बांधतात ते पुस्तक. माझ्या टेबलाशी उभी राहून रडली. मी ढिम्म. अठराव्या पानावर पुलाला तडा कसा जातो त्याचं चित्र आहे. तेव्हापासून ती पट्टी घेऊन शाळाभर तडे मोजत फिरते. आपल्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीबद्दलचा तिचा अर्ज आठ दिवस तुझ्या टेबलावर पडून आहे. दोन आकृत्यांसकट. वाच. त्या पायरीवरून रोज तूच येतेस-जातेस.

सगळ्यांचंच असं होतं असं मी म्हणत नाही. आठवीतला एक पठ्ठ्या सलग पाच पुस्तकं विसाव्या पानावर सोडून आलाय. एकविसावं पान उघडून मला दाखवतो, की बघा, बरोब्बर इथे थांबलो. मला तोही आवडतो. आपल्याला काय नको हे त्याला पाच वेळा नीट वाचून कळलंय. आपल्या दोघींना ते तरी कुणी विचारलं होतं? तू हुशार, म्हणून तुला अभ्यासाची पुस्तकं. मी ढ, म्हणून मला सुई-दोरा.

तुझी,
धाकटी


शनिवार, ८ फेब्रुवारी, दुपारी दोन

ताई,

किल्ली सोबत जोडली आहे. चारही कपाटांना कुलूप लावलं. मेमोची तामिली झाली, पोच दे.

आता तू किल्ली घेऊन खाली येशील, निदान मामांना पाठवशील आणि कपाटं उघडून बघशील. तो त्रास वाचवते. कपाटं रिकामी आहेत.

गुरुवार आणि शुक्रवार, दोन दिवस मी जेवायलासुद्धा उठले नाही. एकेका वर्गाला बोलावलं. शाळेत मुलं दोनशे शहात्तर, कपाटांतली पुस्तकं अकराशे चार. प्रत्येकाच्या वाट्याला चार, एकही शिल्लक नाही. सगळी रीतसर नोंदवून दिली आहेत. चारांतलं एक आवडीचं, तीन अनोळखी. पाचवीतल्या चिमुरडीने नकाशांचा तो जाडजूड ग्रंथ डोक्यावर घेतला आणि म्हणाली, हातात मावत नाही पण डोक्यात मावतो. प्रश्नपत्रिकेला निघाली एक कवितांची चोपडी, एका विदूषकाचं चरित्र आणि, देवाशपथ मी काही केलेलं नाही, गोड्या पाण्यातले मासे.

परतीची तारीख, उन्हाळ्याची सुट्टी संपल्यानंतरचा पहिला दिवस.

तुझ्या मेमोत ‘कपाटं कुलूपबंद करावीत’ असं होतं. पुस्तकं आत असताना करावीत, असं कुठेही नव्हतं. तुझी चाळीस मात्र टेबलावर जशीच्या तशी आहेत. दोन दिवसांत त्यांना कुणी हात लावला नाही.

कामात लक्ष नसलं की अशी फट राहते. घरात जिला जन्मभर ‘धांदरट’ म्हटलं गेलं तिने तुला हे सांगावं, म्हणजे काय दिवस आलेत बघ.

धांदरट


मंगळवार, ११ फेब्रुवारी

ताई,

पाकीट मिळालं. आत तू टाइप करून पाठवलेला खुलाशाचा मसुदा, खाली माझ्या सहीसाठी ठिपक्यांची रेघ. शुक्रवारी समितीची बैठक, त्याआधी सही. नाही केली तर माझी वर्षावर्षाची नेमणूक एप्रिलनंतर पुढे चालू राहणार नाही. बावन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण घेणार, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. मला भीती वाटत नाही असं नाही. काल खितपत पडलेले जुने कागद काढून कुठे कुठे अर्ज करता येईल ते बघत होते.

पण मसुदा वाचला आणि भीती गेली. ‘ग्रंथालयात घडलेला प्रकार माझ्या निष्काळजीपणामुळे घडला. ही चूक माझी आहे.’ ताई, हे वाक्य तू कुठल्या हाताने लिहिलंस?

मी लिहिणार नाही म्हटलं होतं. आता लिहिते. कार्यालयीन पत्र गेलं खड्ड्यात.

मी अकरा वर्षांची होते, तू चौदा. गावच्या वाचनालयाची जुनी पुस्तकं बाबांकडे पुन्हा बांधायला यायची. बाबा पुस्तक उसवून त्याचे फर्मे सुटे करायचे, सोळा-सोळा पानांच्या घड्या. फाटकी पानं चिकटवून व्हायची, मग मी फर्मे क्रमाने लावायची आणि बाबा शिवायचे. त्या दिवशी मला ताप होता म्हणून फर्मे तू लावायला बसलीस. पुस्तक होतं खुनाचं. मी कोपऱ्यात पांघरूण घेऊन पडले होते, डोळे उघडे. तू फर्मे लावता लावता वाचायला लागलीस. तुझं तोंड अर्धं उघडं होतं. तुला तसं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. तेवढ्यात बाबा आले. हातातला फर्मा तू झटकन भूगोलाच्या पुस्तकात सरकवलास. मग चळतीत एक फर्मा कमी भरेल म्हणून पुठ्ठ्याच्या आतून चिकटवायच्या रद्दीतून त्याच मापाची सोळा पानं उचललीस आणि मध्ये घातलीस. बाबांनी विश्वासाने शिवून टाकलं.

महिन्याभराने वाचनालयाचे व्यवस्थापक पुस्तक नाचवत घरी आले. पान एकशे साठवर गुप्तहेर तळघराचं दार ढकलतो आणि पुढच्या पानापासून झाडांची मुळं. सोटमूळ, तंतुमूळ, आकृत्यांसकट. एका सभासदाने म्हणे ती सगळी वाचली, पुढे काही धागा लागेल या आशेने. त्यांनी पुस्तक बाबांच्या पुढ्यात टाकलं आणि वाचनालयाचं काम पुन्हा आपल्याकडे आलं नाही.

बाबांनी कोणाला विचारलंसुद्धा नाही. फर्मे मी लावते, म्हणजे चूक माझी. तू दारात उभी होतीस, भूगोलाचं पुस्तक छातीशी धरून. मी तुझ्याकडे बघितलं. तू खाली बघितलंस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. बाबांनी मला वर्षभर शाळेतून काढलं, हात आणि लक्ष एका जागी येईपर्यंत म्हणून. मी बोलले असते तर त्यांनी तुला काढलं असतं, आणि तुला शाळा श्वासासारखी होती. म्हणून बोलले नाही. तेव्हा मला ते मोठं शूर वाटलं होतं. नंतर नुसता राग उरला.

पण आता ऐक. त्या वर्षात मी बाबांच्या खोलीत बसून काय काय वाचलं! जे बांधायला येईल ते. सुतारकामाचं अर्धं पुस्तक, मग कुणाची प्रेमपत्रं, मग ग्रहणांची कोष्टकं, मग पायी जग फिरलेल्या बाईचं प्रवासवर्णन. निवड माझी नव्हतीच. तू मला शाळेतून काढवलंस असं तुला इतकी वर्षं टोचत असेल, तर टोचू दे, पण तू मला ग्रंथालयात बसवलंस हेही खरं आहे. तो बिस्किटांचा डबा तिथून आलाय. खुनाचं ते पुस्तक मी शंभरदा वाचलं, आणि मुळांची सोळा पानंसुद्धा दर वेळी वाचली. न मागता हातात पडलेलं ते माझं पहिलं अनोळखी पुस्तक.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या खोलीत ते पुस्तक माझ्या हातात बघून तू म्हणालीस, “ती चूक अजून जपून ठेवलीस?” मी म्हटलं, “कोणाची?” आणि तू दार आपटून गेलीस. एवढंच झालं आपल्यात. त्यावर दोन वर्षं.

एकदा दुसऱ्याची चूक माझ्या नावावर घेतली. आता तर चूक झालेलीच नाही. मी सही करणार नाही.

तुझी बहीण


शुक्रवार, १४ फेब्रुवारी, सकाळी

ताई,

मसुदा परत पाठवतेय. ठिपके मोकळे आहेत. मी बैठकीच्या खोलीबाहेर बाकावर बसते, बोलवायचं तर बोलवा.

ग्रंथालयाची झाडलोट केली आहे. टेबलाच्या खणातलं माझं सामान पिशवीत भरलं. चष्मा, पेला, बाबांचं दाभण. डबा मात्र तिथेच ठेवलाय. मी गेले तरी मुलं चिठ्ठ्या काढतील, कारण पुस्तकं त्यांच्याच घरी आहेत आणि ती आपापसांत बदलायला त्यांनी केव्हाच सुरुवात केली आहे. आठवीतल्या पठ्ठ्याने काल तारे आणि ग्रहांचं पुस्तक बावीस पानं वाचलं. दोन पानं जास्त. दोघांनाही सांगायला लाज वाटत होती, त्याला आणि मला.

हे कुठलंही कुलूप बंद करू शकत नाही. हवं तर तू मला काढायच्या हुकमावर सही करून बघ.

धाकटी


सोमवार, १७ फेब्रुवारी

ताई,

आधी भांडण, मग बाकीचं.

शुक्रवारी मला आत बोलावलंच नाही. अर्ध्या तासाने सगळे बाहेर पडले, डॉक्टर माझ्याकडे न बघता, तू तर मान वळवून. काय झालं ते पाण्याचा ट्रे घेऊन आत गेलेल्या मामांनी सांगितलं. डॉक्टरांनी खुलासा मागितला. तू माझा मोकळा मसुदा काढलास, पेन उघडलंस आणि ठिपक्यांवर स्वतःची सही केलीस. म्हणालीस, “ग्रंथालय माझ्या अखत्यारीत येतं. चूक माझी आहे, काय ती नोंद माझ्या नावावर करा.” समितीने तुझ्या सेवापुस्तकात ताकीद नोंदवली, आणि माझ्या नेमणुकीचा विषय निघालाच नाही. मामा म्हणाले, “बाईंची सही एकदम झ्याक आली.”

तुला कोणी सांगितलं होतं? माझ्या कामाला चूक म्हणून सही करायचा अधिकार तुला दिला कोणी? तेव्हाची चूक तुझी होती, तिच्यावर तू एकेचाळीस वर्षं सही केली नाहीस. आत्ता चूक कुणाचीच नव्हती, तर आपण सही करून मोकळ्या! माझं ते बिस्किटांच्या डब्याचं काम चूक नव्हे. ते मी केलेलं सगळ्यात बरोबर काम आहे. पुढच्या बैठकीत ती नोंद काढून टाकायला लाव, नाहीतर मी अर्ज करते. भुताची मावशी आकृत्या काढून देईल.

हे लिहिताना मला रडू येतंय, तर येऊ दे. त्याचा भांडणाशी संबंध नाही.

आता बाकीचं. आज सकाळी मामा दुसरं पाकीट घेऊन आले. मेमो नाही, चिठ्ठी नाही. आत कपाटांची किल्ली आणि पिवळी पडलेली सोळा पानं, एकशे एकसष्ट ते एकशे शहात्तर. कडेला भूगोलाच्या पुस्तकाच्या शाईचा डाग अजून आहे. नवव्या पानावर पेन्सिलीची बारीक रेघ आणि तुझ्या चौदाव्या वर्षाच्या अक्षरात ‘इथपर्यंत’. त्यापुढे तू वाचलंच नाहीस ना? बाबा आले तिथेच थांबलीस. पुढची पानं अशी कोरी करकरीत आहेत की त्यांवर बोटसुद्धा टेकलेलं दिसत नाही. तुझ्याकडे सोळा पानं आणि पुस्तक नाही, माझ्याकडे पुस्तक आणि सोळा पानं नाहीत. एका गावात, एका शाळेत.

मी उभ्या उभ्या वाचली. खुनी कोण ते मला शेवटच्या पानावरून ठाऊकच होतं. गुप्तहेराला ते कळलं कसं, ते आज कळलं. इतकी वर्षं मी मनाने रचलेलं साफ चुकीचं होतं. तू पेन्सिल ठेवलीस त्याच्या पुढच्याच पानावर सगळं आहे, ताई. एक पान उलटायचं होतंस फक्त.

जेवणाच्या सुट्टीत पिशवीतून बाबांचं दाभण काढलं, पुस्तक उसवलं आणि पुन्हा शिवलं. मुळांचा फर्मा काढला नाही. तो आता त्याच पुस्तकाचा आहे, त्याला कुणी परका म्हणायचं नाही. आधी मुळं, मग तुझी सोळा पानं. पुस्तक जरा फुगलंय, शिलाई पक्की आहे.

दाखल क्रमांक दिला अकराशे पंचेचाळीस. प्रकाराच्या रकान्यात ‘रहस्यकथा’ लिहिलं, स्वल्पविराम दिला आणि पुढे ‘वनस्पतिशास्त्र’ लिहिलं. मग डब्यात तुझ्या नावाने हात घातला. खोटं कशाला बोलू, निघाली विनोदाची चिठ्ठी. ती परत टाकली. आयुष्यात एकदा मीही नियम मोडणार.

पुस्तक तुझ्या नावावर नोंदवलंय. भुताची मावशी हे पत्र आणि ते घेऊन वर येतेय, तिला दारात ताटकळत ठेवू नकोस. वीस पानांचा नियम तुलाही लागू आहे. परतीची तारीख सोमवार, २४ फेब्रुवारी. त्या दिवशी स्वतः खाली यायचं. मामांच्या हाती पाठवलेलं पुस्तक मी जमा करून घेणार नाही.

तिसरी पायरी शनिवारी दुरुस्त झाली, मी उभी राहून बघितली. आता उतरायला हरकत नाही.

ग्रंथपाल